घर शेलूला, काम तळोज्याला. मधल्या वाटेचा हिशोब कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना शेलू-वांगणीला, म्हणजे कर्जत लाइनवर बदलापूरच्याही पुढे, घरं देण्याच्या सरकारी योजनेवर बरंच लिहून आलं आहे. घराची किंमत किती, अनुदान किती, मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनी कुणाकडे गेल्या, यावर लोक पोटतिडकीने बोलतात, आणि ते बोललंच पाहिजे. पण एक प्रश्न या चर्चेत मला फारसा दिसत नाही. त्या घरांत राहायला जाणाऱ्या कुटुंबांतली तरणी मुलं-मुली कामाला कुठे जाणार, कशी जाणार, आणि मुळात काम शोधायला घराबाहेर पडणार का?

मी बदलापूर पूर्वेला राहते. आयटीआयमध्ये शिल्प निदेशक, म्हणजे ट्रेड शिकवणारी शिक्षिका, म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. माझा ट्रेड इलेक्ट्रॉनिक्सचा. शेवटच्या काही वर्षांत शिकवण्याबरोबरच मुलांना शिकाऊ उमेदवारीला लावणं, त्यासाठी कंपन्यांना फोन करणं, भरती मेळाव्याच्या दिवशी टेबलं मांडण्यापासून निवडयादी लावेपर्यंत सगळं बघणं, हेही माझ्याकडे होतं. बेकारीचा विषय निघाला की लोक दोन कारणं सांगतात. नोकऱ्याच नाहीत, नाहीतर मुलांना काही येत नाही. दोन्हींत तथ्य आहे. पण कारखान्यात जागा रिकामी आहे आणि ती भरू शकणारा मुलगाही घरी बसून आहे, हे मी कितीतरी वेळा पाहिलं. दोघांच्या मधे फक्त अंतर होतं.

एका मेळाव्यातली गोष्ट सांगते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्याचे अधिकारी आले होते. त्यांच्या पुढ्यात अर्जांचा गठ्ठा. अर्ज उचलला की त्यांची नजर आधी पत्त्यावर जायची, मग गुणांवर. कळवा, दिघा, ऐरोली, घणसोली असा पत्ता असला की अर्ज उजव्या हाताला. ठाणे-डोंबिवलीचे मधे. अंबरनाथच्या पुढचे सगळे डाव्या हाताला, पालथे घातलेले. मी म्हटलं, ‘साहेब, त्या पालथ्या अर्जांत आमच्या तुकडीतला पहिला आलेला मुलगा आहे.’ ते म्हणाले, ‘असेल मॅडम. पण सातच्या पाळीला वांगणीहून रोज वेळेवर पोचेल का? पावसात गाड्या बंद पडल्या तर माझी लाईन कोण चालवणार? मागच्या वर्षी घेतले होते तिकडचे. दिवाळीनंतर एकही टिकला नाही.’

तो माणूस वाईट नव्हता. त्याच्या बाजूने त्याचं बरोबरच होतं. पण मुलांना हे फार लवकर कळतं. पुढच्या मेळाव्यांना अर्जांवर कळव्याच्या मावशीचा, ऐरोलीच्या काकांचा पत्ता दिसू लागला. निवड व्हायची आणि आधार कार्ड मागितलं की खरा पत्ता उघडा पडायचा. एका मुलाला तर रुजू व्हायच्या दिवशीच परत पाठवलं. खोटा पत्ता दिला म्हणून. त्याला काय बोलायचं ते मला सुचलं नाही. वर्कशॉपमध्ये त्याच्याइतकं स्वच्छ सोल्डरिंग करणारा दुसरा नव्हता.

सातची पाळी म्हणजे नेमकं काय, हे मुंबईत बसून घरांच्या योजना आखणाऱ्यांनी एकदा समजून घ्यावं. वांगणीहून ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रबाळेला जायचं तर चारच्या सुमाराला उठायचं. स्टेशनपासून लांब राहत असाल तर त्या वेळी रिक्षा मिळतेच असं नाही. मग कुणीतरी मोटारसायकलवर सोडायचं, म्हणजे घरातलं आणखी एक माणूस उठलं. पहाटेच्या कर्जत लोकल मोजक्या. एक चुकली की पुढचं सगळं चुकतं. लोकलने ठाणे, तिथे पूल चढून ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर, पुन्हा गाडी, रबाळेला उतरलं की शेअर रिक्षा, मग गेट. दुसरी पाळी असेल तर रात्री अकरानंतर हाच प्रवास उलटा. मध्यरात्र उलटल्यावर वांगणीला उतरलेल्या मुलीने स्टेशनबाहेर कुणाची वाट बघायची? एका विद्यार्थिनीची आई मला म्हणाली, ‘मॅडम, पोरगी हुशार आहे हे मला कळतं. पण ती घरी येईपर्यंत मी दारात उभी असते. रोज कशी उभी राहू?’ त्या मुलीने निवड होऊनही नोकरी घेतली नाही. तिच्या नंतरच्या तुकडीतल्या मुलींनी मग अर्जच भरले नाहीत.

माझं सगळं म्हणणं या शेवटच्या वाक्यात आहे. नोकरी मिळाली नाही ही पुढची गोष्ट. लांब राहणारं माणूस हळूहळू नोकरी शोधणंच सोडून देतं.

पैशांचं बघा. शिकाऊ उमेदवाराला महिन्याला सात-आठ हजार रुपये विद्यावेतन मिळतं. 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, तिच्यातही आयटीआय झालेल्याला आठ हजारच ठरले. लोकलचा दुसऱ्या वर्गाचा पास स्वस्त आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पैसे जातात ते दोन्ही टोकांना, घर ते स्टेशन आणि स्टेशन ते कारखाना. रोजच्या चार शेअर रिक्षा, वर पहाटे उठल्यामुळे बाहेर करावा लागणारा नाश्ता. महिनाअखेरीला घरात द्यायला जे उरतं ते बघून आईवडील म्हणतात, त्यापेक्षा इथे स्टेशनसमोर मोबाइलच्या दुकानात बस. तिथे पैसे फार मिळतात असं नाही, पण जायला-यायला खर्च नाही आणि रात्री नऊला पोरगं घरी. दोन वर्षं सर्किट शिकलेला मुलगा मग मोबाइलची कव्हरं विकतो. वर्ष-दोन वर्षांनी त्याला कारखान्यात जायचं झालं तरी हात बसलेला राहत नाही, आणि कारखानाही विचारतो, मधली दोन वर्षं काय केलंत?

या मुलांची सरकारी नोंद कशी होते तेही सांगायला हवं. बेकारीचे आकडे ज्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणातून येतात, त्यात ज्याला काम नाही आणि जो काम शोधतो आहे किंवा काम करायला तयार आहे, तोच बेकार. साप्ताहिक मोजणीत तर आठवड्यातल्या एखाद्या दिवशी तासभर काम केलं तरी माणूस रोजगारात धरला जातो. म्हणजे कव्हरं विकणारा आमचा इलेक्ट्रॉनिक्सचा मुलगा रोजगारात. आणि ती मुलगी? घरी आलेल्या माणसाने विचारलं तर ती सांगणार, ‘सध्या घरचंच बघते.’ ती ना रोजगारात, ना बेकारांत. श्रमबलाच्या बाहेर. तिच्या हातात प्रमाणपत्र आहे, तिची निवड झालेली आहे, आणि बेकारीच्या आकड्यात ती कुठेच नाही. म्हणून ‘बेकारी घटली’ अशी बातमी वाचली की मला आधी अशा मुली आठवतात.

काम शोधण्यालाही खर्च येतो, आणि तो घर कुठे आहे त्यावर ठरतो. हे मी लहानपणी उलट बाजूने पाहिलेलं आहे. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, होते. कायम होण्याआधी त्यांनी काही वर्षं बदली कामगार म्हणून काढली. बदलीवाल्याने सकाळी गिरणीच्या दारात जाऊन उभं राहायचं. कुणाचा खाडा असला तर त्याच्या जागी काम. नाही मिळालं तर पलीकडच्या गिरणीच्या दारात. तिथेही नाही तर घरी. घर चालत पाच-दहा मिनिटांवर. कुठल्या खात्यात माणूस कमी आहे, कुठे नवीन साचे आलेत, ही बातमी खानावळीत, गाववाल्यांच्या खोलीत, नळावर आपसूक कानावर पडायची. कामाला नकार मिळाला तरी त्यात दिवस किंवा भाडं जात नव्हतं, म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहू शकत होता. त्या जगण्याचं मला कौतुक करायचं नाही. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही किती जण होतो ते आठवलं की आजही जीव घुसमटतो. जॉबरचे, म्हणजे माणसं भरणाऱ्या मुकादमाचे, हात ओले केल्याशिवाय कायम होता येत नव्हतं, क्षयाने माणसं जात होती. पण काम आणि घर यांच्यामधे वाट नव्हती, हे खरं.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. पुढे काय झालं ते आपल्या वाचकांना मी सांगायला नको. आमच्यासारख्या अनेकांनी खोली विकून किंवा सोडून कल्याणच्या पुढची वाट धरली. दादांनी बदलापूरला दोन खोल्या घेतल्या तेव्हा त्यांची नोकरी तर गेली होतीच, पण दुसरी नोकरी कुठे आहे हे सांगणारी माणसंही सुटली होती. इथे त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. लालबागला कुणीतरी वॉचमनची जागा आहे म्हणून निरोप द्यायचं आणि तो निरोप पोचेपर्यंत जागा भरलेली असायची. माझ्या आईने घरी मसाले, पापड करून संसार ओढला. दादा पुढे कामाचं विचारेनासे झाले. लोक म्हणायचे, संपाने माणूस खचला. संपाने खचले हे खरंच, पण लांबच्या पत्त्याने त्यांचं उरलंसुरलं बळ नेलं असं मी आज म्हणेन.

हे एकट्या आमच्या घरचं नाही. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 2001 ला 33 लाख 38 हजार होती, ती 2011 ला 30 लाख 85 हजार झाली. त्याच दहा वर्षांत कुळगाव-बदलापूर सुमारे 98 हजारांवरून 1 लाख 74 हजारांवर गेलं. माणसं बाहेर आली. कामं मात्र त्यांच्यामागून आली नाहीत, ती वेगळ्याच दिशेला गेली. गिरण्यांच्या जमिनीसाठी 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत 58 क्रमांकाचा नियम आला. पालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात जमिनीची वाटणी होणार होती. 2001 च्या बदलाने ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. जिथे साचे चालत होते तिथे कचेऱ्या आणि मनोरे उभे राहिले. दुसरीकडे वांद्रे-कुर्ला संकुल वाढलं, ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखान्यांच्या शेजारी आयटी पार्क आले, तळोज्याची एमआयडीसी वाढली.

आता नकाशा समोर धरा. आमची रेल्वे कर्जत-कल्याणहून ठाण्याला आणि तिथून दक्षिणेला मुंबईत उतरते. फिटर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट यांची कामं आहेत बाजूला, तळोजा, महापे, पावणे, रबाळे या भागात. बदलापूरहून तळोजा तसं दूर नाही. नेवाळी नाक्यावरून खोणीमार्गे गेलं तर वीसेक किलोमीटर. पण या रस्त्याला पाळीच्या वेळा सांभाळणारी भरवशाची बस नाही. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. निर्णय चांगलाच आहे, पण सकाळी सहाला एमआयडीसीच्या गेटवर पोचवणारी एसटीच नसेल तर अर्धं तिकीट कशाचं काढायचं? मोटारसायकल आहे तो जातो. त्यातही पावसाळ्यात खड्डे चुकवत, पहाटेच्या अंधारात, अवजड ट्रेलरच्या शेजारून. ज्याच्याकडे नाही त्याने रेल्वेने ठाण्यापर्यंत वर जायचं आणि पुन्हा पनवेलच्या बाजूला खाली यायचं. मुलींपैकी कुणी या रस्त्याने मोटारसायकलवर कामाला जाते असं माझ्या पाहण्यात नाही.

यावर उपाय कुणाला सुचलाच नाही असंही नाही. कल्याणच्या बाजूच्या प्रवाशाला ठाण्याला न उतरता थेट नवी मुंबईकडे जाता यावं म्हणून कळवा-ऐरोली उन्नत मार्ग एमयूटीपी-3 या मुंबईच्या रेल्वे सुधारणा प्रकल्पात मंजूर आहे. त्यातलं दिघा गाव स्टेशन 12 जानेवारी 2024 ला सुरूही झालं. मूळ जोडमार्ग मात्र तिथल्या झोपड्यांच्या पुनर्वसनापाशी वर्षानुवर्षं अडला. त्या झोपड्यांतल्या लोकांना लांब कुठे नेऊन टाकावं असं मी अजिबात म्हणणार नाही. त्यांच्याही कामाची वाट तुटेल. जवळच घरं देऊन हा प्रश्न सोडवता येतो, आणि तो सोडवायला हवा होता. कल्याणच्या पुढे तर दोनच मार्गिका. त्यांवरूनच पुण्याच्या गाड्या, मालगाड्या आणि आमच्या लोकल. कल्याण-बदलापूर तिसरी आणि चौथी मार्गिका एमयूटीपी-3 अ मध्ये आहे, पण ती बदलापूरलाच थांबते. पुढे वांगणी-शेलूवरून कर्जतपर्यंतच्या मार्गिकांना केंद्राची मंजुरी मिळाली ती नोव्हेंबर 2025 मध्ये. पनवेल-कर्जत मार्ग झाला तर शेलूच्या माणसाला कर्जतला जाऊन पनवेल गाठता येईल, नवी मुंबई विमानतळाच्या भागातली कामंही त्याला जवळ पडतील. हा मुद्दा योजनेच्या बाजूचा आहे आणि तो मला मान्य आहे. पण मग दोन्ही गाड्यांच्या वेळा एकमेकींना जुळतील का, पहाटे आणि रात्री किती फेऱ्या असतील, हे आधी ठरवा आणि मग घराच्या चाव्या द्या.

27 जुलै 2019 ला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. एक्स्प्रेसची बातमी झाली. पण गाड्या बंद पडल्या की कंत्राटी कामगाराचा त्या दिवसाचा पगार कापला जातो, त्याची बातमी होत नाही. 9 जून 2025 च्या सकाळी मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलच्या दारातले प्रवासी खाली पडून मेले. त्यानंतर आमच्याकडच्या किती आयांनी मुलांना ‘राहू दे ती नोकरी’ म्हटलं असेल!

माझी भाची अर्थशास्त्र शिकते. तिच्याशी हे बोलताना तिने मला सांगितलं की यावर साठ वर्षं अभ्यास चालू आहेत. 1968 साली जॉन केन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने शिकागो आणि डेट्रॉइट या शहरांबद्दल दाखवलं की कारखाने शहराबाहेर जात होते आणि कृष्णवर्णीयांना तिकडे घरं मिळत नव्हती, त्यामुळे त्यांच्या वाट्याची कामं कमी होत गेली. आपल्याकडे दिशा निराळी, दुखणं तेच. इथिओपियाच्या राजधानीत, आदिस अबाबात, शहराच्या कडेला राहणाऱ्या बेकार तरुणांना बसभाड्याचे पैसे देऊन पाहिले. तिथे नोकऱ्यांच्या जाहिराती शहराच्या मध्यावरच्या फलकांवर लागतात. भाडं मिळालेली मुलं जास्त वेळा तिथे जाऊ लागली आणि काही महिन्यांतच त्यांच्यात कायम नोकरी मिळण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. एवढ्याशा भाड्याने.

मला सगळ्यात जवळचा वाटला तो अहमदाबादचा अभ्यास. 1987 मध्ये तिथल्या विडी कामगार महिलांसाठी सोडतीने घरं वाटली. शहरापासून सुमारे बारा किलोमीटरवर, आधीच्या वस्तीपेक्षा चांगली. वीस वर्षांनी संशोधक त्या बायकांना पुन्हा भेटले. सोडत लागलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश तिथे राहायलाच गेल्या नव्हत्या, आणि जवळजवळ तितक्याच जाऊन ते घर सोडून आल्या होत्या. सोडत लागलेल्या आणि न लागलेल्या कुटुंबांच्या कमाईत फरक पडलेला नव्हता. आपली माणसं तुटली, अडीअडचणीला कुणी उरलं नाही, हे त्यांनी सांगितलं. हे मला पटायला वेळ लागला नाही. माझ्या आईने बदलापूरला पहिली चार-पाच वर्षं हेच सांगितलं होतं.

मुंबईतही चेंबूरजवळच्या माहुलचं उदाहरण ताजं आहे. तानसा जलवाहिनीलगतच्या लोकांना तिथे नेलं. न्यायालयात मुख्य प्रश्न तिथल्या विषारी हवेचा होता आणि 2019 मध्ये उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकालही दिला. पण जुन्या वस्तीजवळ चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला तिथून ती कामं धरून ठेवणं किती जड गेलं असेल, हे सांगायला अभ्यास लागत नाही.

आता शेलू-वांगणी. गिरणी कामगारांचे दीड लाखांहून अधिक अर्ज पडून आहेत आणि त्यावर 81 हजार घरांचा उतारा म्हणून या दोन गावांची नावं पुढे आली. हे घर नाकारलं तर हक्क जाईल अशी अट घातली गेली, म्हणून 9 जुलै 2025 ला कामगार आणि वारस आझाद मैदानावर उतरले. मीही गेले होते. तिथे सत्तरी-पंचाहत्तरीची माणसं होती. स्वतःला नोकरी हवी म्हणून त्यांपैकी कुणी आलं नव्हतं. नातवंडांचं काय, हे मी ज्यांच्याशी बोलले त्यांतल्या बहुतेकांनी विचारलं. नातू परळच्या कॉल सेंटरला आहे, सून दादरच्या दुकानात आहे, नात केईएमजवळच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. शेलू तिथून सत्तर किलोमीटरच्या पुढे. गेले तर यांतल्या किती नोकऱ्या वर्षभर टिकतील? आणि सुटल्यावर पुढची शोधायची ती कुठून?

काही जण म्हणतात, बदलापूर-वांगणीला लोक स्वखुशीने येतातच की. येतात. आम्हीही आलो. परवडतं तिथे माणूस जातो, त्याला खुशी म्हणू नये. आणि ज्यांनी येऊन दाखवलं त्यांच्या मुलांचे अर्ज टेबलावर पालथे पडतात, ते मी वर लिहिलं आहे.

सरकारकडे माझं मागणं असं आहे. गिरणी कामगारांची घरं मुंबईतच व्हावीत, जमीन नाही हे कारण मला मान्य नाही. पण मुंबईबाहेर एक जरी घर बांधायचं असेल, तर त्या योजनेच्या कागदात किमतीच्या शेजारी प्रवासही लिहा. तिथून एक तासात किती कारखाने, कचेऱ्या, इस्पितळं गाठता येतात, पहाटे पाचच्या आत पहिली गाडी कोणती, रात्री बारानंतर स्टेशनहून वसाहतीपर्यंत बस आहे का, हे सगळं जाहीर करा. घर घेणाऱ्याला हे चटईक्षेत्राइतकंच कळायला हवं. बदलापूर-अंबरनाथहून तळोज्याला पाळीच्या वेळांना बस सुरू करायला नवे रुळ लागत नाहीत, एमआयडीसी, कारखानदार आणि परिवहन सेवा एका टेबलाशी बसल्या तर ते काही आठवड्यांत होऊ शकतं. शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतनाबरोबर अंतराप्रमाणे प्रवासभत्ता द्या, निदान पहिले सहा महिने. तेवढ्यात मुलगा हाताशी येतो आणि कारखानाही त्याला सोडायला तयार नसतो, हे मी अनुभवाने सांगते. भरतीच्या पहिल्या चाळणीत अर्जावर पूर्ण पत्ता मागूच नये. आधी काम बघा, पत्ता नंतर विचारा. सरकारी मेळाव्यांत तरी हा नियम उद्यापासून लागू करता येईल.

आपल्या वर्तमानपत्राकडेही एक विनंती आहे. शेलू-वांगणीच्या घरांची बातमी करताना आपल्या वार्ताहराला एकदा पहाटेच्या कर्जत लोकलने वांगणीहून रबाळेपर्यंत आणि दुसऱ्या पाळीनंतर रात्री परत पाठवा, शक्यतो पावसाळ्यात. त्या गाडीने जाणारी आणि जायचं सोडलेली, दोन्ही प्रकारची मुलं माझ्या ओळखीची आहेत. गाठ मी घालून देईन.

आपली,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
बदलापूर (पूर्व)